घर, गोठा आणि रान : मुलांना जपून राहायला कसे शिकवावे

(करवीर तालुक्यातील एका गावी शाळेच्या आवारात भरलेल्या शेतकरी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कृषिविद्या शिकवतो. उसाची सरी किती फुटांची ठेवावी, खताचे हप्ते कसे पाडावेत, खोडव्याचे पाचट कसे ठेवावे, हे सांगायला मला गावोगावी बोलावतात. मुलांच्या सुरक्षिततेवर बोला असा निरोप आला तेव्हा हा विषय डॉक्टरांचा किंवा पोलीस खात्याचा आहे, असे मला प्रथम वाटले. मग ध्यानात आले, की गिरणीत किंवा कारखान्यात काम करणारा माणूस आपल्या पोराला फाटकाच्या आत नेत नाही. तिथे पहारेकरी असतो, पाटी असते. शेतीला फाटक नाही. आपली मोटर, आपले विष, आपला ट्रॅक्टर, आपली विहीर आणि आपला पाळणा हे सगळे एकाच आवारात आहे. या आवारात मूल रांगायला लागते त्या दिवसापासून त्याला जपून राहायला शिकवणे हे शेतीकामच समजले पाहिजे.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मळ्यातल्या मोटरच्या पेटीला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती. मनाई का, हे कुणी सांगितले नव्हते. ‘हात लावशील तर बघ’ एवढेच. एके दिवशी दुपारी कुणी नाही असे बघून मी स्टार्टरचे झाकण उघडले. आतली एक वायर सुटून पत्र्याला टेकली होती. बोट लागताच मी मागे फेकला गेलो. हात रात्रभर मुंग्या आल्यासारखा झिणझिणत होता. पण घरी बोललो नाही. बोललो असतो तर आधी चपराक बसली असती. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटे चुलते पाणी द्यायला गेले. त्यांनी त्याच पेटीला हात घातला, ते बांधावरून खाली पडले आणि त्यांचा हात मोडला. जीव वाचला हे नशीब. मला काल झटका बसला होता हे मी त्यांना कितीतरी वर्षांनी सांगितले. ते हसले, पण मला काही हसू आले नाही.

म्हणून आजच्या विषयातली पहिली गोष्ट सुरक्षिततेच्या नियमांची नाही, ती माराची आहे. मूल काही गिळते, त्याला काही चावते, त्याच्या हातून बाटली सांडते, ते मोटरला हात लावते. त्या वेळी ते घरी येऊन सांगेल की लपवेल, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. विषबाधेत आणि सर्पदंशात एक तास फार मोठा असतो. तो तास पोराच्या भीतीत जाऊ देऊ नका. ‘काहीही झाले तरी आधी येऊन सांग, सांगितल्याबद्दल मार मिळणार नाही’, हा करार घरात उघड बोलून करावा आणि तो पाळावा. एकदा जरी मोडला तर पोर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

‘औषध’ हा शब्द घरातून काढा

आपण बोलताना काय म्हणतो बघा. ‘उसावर औषध मारून आलो.’ ‘वांग्याला औषध आणले.’ आणि त्याच घरात संध्याकाळी आई म्हणते, ‘बाळ, औषध घे, खोकला बरा होईल.’ तीन वर्षांच्या मुलाने या दोन औषधांत फरक कसा करावा? खोकल्याचे औषध गोड असते, बाटलीत असते, झाकणाने मोजून देतात. कीडनाशकही बाटलीत असते आणि झाकणानेच मोजतात. आपण शब्दानेच त्याला फसवले आहे. माझी विनंती अशी, की आजपासून घरात त्याला ‘विष’ म्हणावे. ‘विष मारून आलो, जवळ येऊ नको, आंघोळ करतो.’ ऐकायला कडू वाटेल. पण त्या एका शब्दाने जेवढे शिक्षण होते तेवढे माझ्या तासाभराच्या भाषणाने होणार नाही.

मोठ्या मुलांना डब्यावरची खूण वाचायला शिकवावी. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. इथे एक घोटाळा होतो. शाळेत मुलांना शिकवलेले असते की लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे जा. डब्यावरचा हिरवा ‘जा’ म्हणत नाही. तो फक्त एवढेच सांगतो, की हे विष इतरांपेक्षा कमी जहाल आहे. हे मुलांना मुद्दाम समजावून सांगावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या वर्षी ते सांगावे लागते.

आणखी एक साधा हिशोब मुलांसमोर मांडावा. साठ किलोच्या माणसाच्या पोटात एक घोट गेला आणि पंधरा किलोच्या मुलाच्या पोटात तेवढाच घोट गेला, तर मुलाला विष चौपट लागले. तणनाशक आहे, किडे मरत नाहीत, मग माणसाला काय होणार, असे समजणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पॅराक्वाट हे तणनाशकच आहे. त्याचा एखादा घोट मोठ्या माणसालाही पुरतो आणि त्यावर उतारा नाही.

रिकाम्या डब्यांबद्दल बिहारमधली एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन या गावी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल ज्या भांड्यात ठेवले होते त्यात पूर्वी कीटकनाशक होते, असे तपासात पुढे आले. मुलांनी जेवताना चव वेगळी लागते अशी तक्रार केली होती, असेही त्या वेळच्या बातम्यांत आले होते. या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावे. मुलांना कळले होते. त्यांना ‘गप जेव’ म्हणणारी माणसे मोठी होती. तेव्हा वेगळा वास आला, वेगळी चव लागली तर थुंकून टाकायचे, मग वाढणारा कुणीही असो, हे मुलांना शिकवा. आणि थुंकले म्हणून ओरडू नका.

डबा रिकामा झाला की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडून तो निकामी करावा. बऱ्याच घरांत असे डबे पीठ, तेल, रॉकेल, अगदी पिण्याचे पाणी ठेवायला वापरलेले मी पाहिले आहेत. डबा दिसायला चांगला असतो, टाकवत नाही, हे मलाही कळते. उलटा प्रकारही तितकाच वाईट. उरलेले विष शीतपेयाच्या बाटलीत ओतून खुंटीला टांगायचे. तहानलेले पोर रानातून पळत येते, त्याला बाटली ओळखीची असते.

आपल्या ऊस पट्ट्यात अजून एक गोष्ट आहे. हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरलेले फोरेट, म्हणजे आपले ‘थिमेट’, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. दुकानातून गेले, पण माळ्यावरून गेले आहे का, ते घरी जाऊन बघा. अर्धी राहिलेली पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली, बियाण्याच्या पोत्याशेजारी. दाणेदार असल्यामुळे लहान मुलाला ती खेळायची वाळू वाटते. उंदरांसाठी कणकेत कालवलेल्या विषाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. त्या ठेवताना मोजाव्यात, सकाळी मोजून उचलाव्यात.

विष पोटात गेलेच तर काय करावे? मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उलटीबरोबर विष फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, विशेषतः मूल गुंगीत असेल तर. दूध, तूप, लिंबू काही देऊ नये. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवावे. १०८ ला फोन करावा आणि डबा दवाखान्यात बरोबर न्यावा. डॉक्टरांना नुसते ‘औषध प्याला’ असे सांगून उपयोग नाही, कोणते ते कळले पाहिजे.

यंत्रे आणि वीज

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून रान फिरवून आणण्याची हौस आपल्या सर्वांनाच असते. मागे रोटाव्हेटर चालू असतो. त्याला फिरवणारा दांडा, ज्याला आपण पीटीओ म्हणतो, तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. ओढणीचे टोक किंवा सदऱ्याची बाही त्यात अडकली तर ‘अरे’ म्हणायच्या आत नऊ वेढे पडलेले असतात. हा आकडा मुलांना सांगा, मुलांना आकडे आवडतात. मी वर्गात टाळ्या वाजवून एका सेकंदात नऊ मोजायला लावतो. कुणालाच जमत नाही, आणि मग वर्ग गप्प होतो. दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण मोडले असेल तर नवे बसवावे. कडबाकुट्टीलाही तोच नियम. पेंढी आत ढकलायचे काम मुलांना कधीही देऊ नये, दिवाळीच्या सुट्टीत तर नाहीच, कारण तेव्हाच ती घरी असतात आणि तेव्हाच आपल्याला हाताखाली माणूस हवा असतो.

विजेबद्दल मुलांना तीनच गोष्टी शिकवल्या तरी पुरे. ओल्या हाताने बटणाला हात नाही. खाली पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. आणि कुणाला शॉक बसून चिकटले असेल तर त्याला हात लावायचा नाही, मेन स्विच बंद करायचा. त्यासाठी मेन स्विच कुठे आहे हे मुलाला माहीत हवे आणि त्याचा हात तिथे पोचायला हवा. कोरड्या काठीने ढकलावे असे आपण ऐकतो. ते घरच्या विजेपुरते ठीक आहे. खांबावरच्या ११ हजार व्होल्टच्या तारेला कोणतीही काठी पुरत नाही. तिथून सगळ्यांनी लांब राहून महावितरणला कळवणे एवढेच हातात आहे. मोठ्यांनी करायचे काम म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणे बंद करणे, अर्थिंग तपासणे आणि घराला ३० मिलिअँपियरला तुटणारा ईएलसीबी बसवणे.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडचे शेतकरी इथे असतील तर त्यांना मुद्दाम सांगतो. गवे-डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट लाईट सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला गवा आणि शेजारचे पोर यांतला फरक कळत नाही. झटका मशीन वेगळे. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. ते लावले तरी पाटी हवी आणि वाडीतल्या सगळ्या मुलांना एकदा तार दाखवून सांगायला हवे.

गुऱ्हाळघराचे थोडक्यात. काकवीच्या आणि गरम गुळाच्या आशेने पोरे काहिलीभोवती जमतात, आम्हीही जमायचो. काहिलीभोवती चुन्याची रेघ ओढावी, रेघेच्या आत कुणी पोर दिसले तर त्या दिवशी कुणालाच काकवी नाही, असे एका गुळव्याने ठरवलेले मी पाहिले. पोरेच एकमेकांना मागे ओढत होती. भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, दुसरे काही लावू नये. टूथपेस्ट तर नाहीच.

साप

कोल्हापूरच्या पोराला सापाची नावे शिकवायची गरज नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसे ती तोंडपाठ सांगतात. पण मण्यार कशी चावते हे फार थोड्यांना माहीत असते. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा वेदना जवळजवळ होतच नाही. जखमही दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, घशात अडकल्यासारखे होते म्हणते, डोळ्यांच्या पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे म्हणतात रात्रीचे बाधले असेल, ओवा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाची सकाळी अशी तक्रार असेल तर ओवा बाजूला ठेवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. जमिनीवर झोपवायचेच असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. डासांसाठी आहे ती, पण सापालाही अडवते.

दंश झाल्यावर दोरी आवळू नये, चिरू नये, चोखू नये. मोडलेल्या हाडाला फळी बांधतो तसा तो हात किंवा पाय हलणार नाही असा बांधावा आणि मुलाला चालू न देता उचलून न्यावे. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारी लस या चारही सापांच्या विषावर चालते. मुलांचे अंगमान कमी म्हणून लस कमी द्यावी असेही नसते, कारण सापाने विष काही वजन बघून सोडलेले नसते. आणि देवळात जायचे असेल तर जरूर जा, पण दवाखान्यातून घरी आल्यावर.

लहानपणीच लावायच्या सवयी दोनच आहेत. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही. आणि शेणी, लाकडे, चिपाड, पाचट यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढोसायचे. एका शाळेत आम्ही मुलांना घरातल्या धोक्यांची यादी करून आणायला सांगितली होती. चौथीतल्या एका मुलीने अकरा ओळी लिहिल्या. अकरावी ओळ होती, ‘आजोबा रात्री बॅटरी घेत नाहीत.’ आजोबा मेळाव्याला आले होते, ते यादी बघून जरा रागावलेच. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्या खिशात बॅटरी होती. ती मुलगी दर रविवारी ती लावून बघते असे ते तक्रारीच्या सुरात सांगत होते.

नदी

पंचगंगेच्या काठचे मूल पोहायला शिकलेच पाहिजे. पोहू नको म्हणून ते थांबत नाही, चोरून जाते. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, जाणत्या माणसाने काठावर बसून शिकवावे. पण पोहता येणे वेगळे आणि नदी कळणे वेगळे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात. तुमच्या गावावर ऊन पडलेले असेल, तरी पाणी वाढत असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्यावरून चालायचे नाही आणि त्याच्या खालच्या अंगाला पोहायचे नाही, तिथे पाणी फिरवून खाली ओढते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात आपल्याकडे बाजारभावासारखे ऐकू येतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या लोकांना घरे सोडावी लागली. आधी जनावरे काढायची की आधी पोरे, हा प्रश्न तेव्हा ऐन वेळी पडला, असे कितीतरी जणांनी मला सांगितले. तो ऐन वेळी पडू नये. कोणते मूल कुणाच्या बरोबर आणि कुठे जाणार, हे मे महिन्यातच मुलांसमक्ष ठरवावे.

कुणी बुडत असेल तर मुलाने पाण्यात उडी मारायची नाही. दोर, ट्यूब, रिकामी घागर, लांब काठी, जे हाताला लागेल ते टाकायचे आणि ओरडायचे. वाचवायला गेलेले दुसरे पोरही बुडते, हे दर उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतो.

आपली नसलेली मुले

हंगाम सुरू झाला की बीडकडून, सोलापूरकडून ऊसतोड मजूर येतात. त्यांची मुले बरोबर असतात. आई-बाप पहाटे फडात जातात आणि तान्हे मूल पाचटावर, कधी सावलीसाठी ट्रॉलीखाली झोपवलेले असते. ट्रॉली हलवण्यापूर्वी ड्रायव्हरने खाली उतरून चारी बाजूंनी फिरून बघितलेच पाहिजे, आणि तो बघतो की नाही हे रानाच्या मालकाने बघितले पाहिजे. पाचट पेटवू नये हे आम्ही जमिनीच्या आरोग्यासाठी सांगतच आलो आहोत. त्यात एखादे मूल झोपलेले असू शकते, हे कारण मी आमच्या पुस्तकांत कधी वाचले नाही, ते एका मुकादमाने मला सांगितले. त्यांच्या खोपीजवळची उघडी विहीर, उघडी मोटरपेटी आपली आहे. विहिरीला काटेरी फांद्या का होईना, कुंपण करून द्यावे. त्यांची मोठी मुले शाळेत बसवून घेण्याबद्दल मुख्याध्यापकांशी आधीच बोलावे. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले त्या मुलखात हे फार सांगायला लागू नये.

आपली पोरे चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढतात, त्यासाठी दुसरे काही नाही, घरी ऊस खायला द्यावा आणि ट्रॉलीचे चाक जवळ उभे राहून दाखवावे. चाकाची उंची स्वतःच्या छातीशी लागते हे बघितले की पोर दोन पावले मागे सरते.

शिक्षकांसाठी

आमच्या महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहतात. त्यांना शाळेत एक तास द्यावा. पण भाषणाचा नको. मुलांना फोनवर पत्ता सांगायचा सराव द्यावा, कारण रानाला घरनंबर नसतो. ‘अमुक गाव, पुलापासून डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या मागची वस्ती’ असे १०८ ला किंवा ११२ ला न रडता सांगता येणे हे पाठांतराने होत नाही. एका मुलाने फोन करायचा, दुसऱ्याने ऐकून फळ्यावर रस्ता काढायचा. पहिल्या खेपेला रस्ता भलत्याच वाडीत जातो, वर्ग हसतो, आणि तिसऱ्या खेपेला जमते. हा तास गाळप सुरू होण्यापूर्वी, शक्यतो दसऱ्याच्या आत घ्यावा. मजुरांची मुले नंतर आली तर त्यांच्यासाठी पुन्हा एकदा घ्यावा, आणि त्या वेळी पत्ता त्यांच्या खोपीचा काढावा.